वाटाघाटीआधीच दिलेली निष्ठा

इंदूरची हुकुमचंद मिल डिसेंबर १९९१ मध्ये बंद पडली. तिच्या सुमारे सहा हजार कामगारांची देणी म्हणून उच्च न्यायालयाने २००७ मध्ये २२९ कोटी रुपयांची रक्कम ठरवून दिली, आणि त्या थकबाकीपोटी सुमारे २२४ कोटींचा धनादेश अवसायकाच्या (बंद कंपनीची मालमत्ता विकून देणी भागवणाऱ्या अधिकाऱ्याच्या) व कामगार संघटनांच्या प्रमुखांच्या हाती आला तो २५ डिसेंबर २०२३ रोजी, पंतप्रधान दूरदृश्य प्रणालीद्वारे सहभागी झालेल्या समारंभात. मधल्या बत्तीस वर्षांत कितीतरी कामगार वारले आणि मिलच्या फाटकाशी होणाऱ्या सभांना त्यांच्या जागी त्यांच्या विधवा आणि मुले येऊ लागली.

याच बत्तीस वर्षांत भोपाळमध्ये काँग्रेसचीही सरकारे आली आणि भारतीय जनता पक्षाचीही. दिल्लीतही तसेच घडले. परदेशीपुरा, पाटनीपुरा, नंदानगर, मालवा मिल या कामगारवस्त्यांनी आपली मते कधी राखून ठेवली नव्हती. १९६२ साली इंदूरने होमी दाजी यांच्यासारख्या कामगार नेत्याला अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवले, त्याच काळात या वस्त्यांचा मोठा भाग इंटक या कामगार संघटनेच्या तिरंगी झेंड्यामागे काँग्रेसबरोबर उभा होता, आणि इंदूर-दोन हा विधानसभा मतदारसंघ १९९३ पासून सलग भाजपच्या पदरात पडत आला आहे. निष्ठा एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे जवळजवळ सगळीच्या सगळी सरकली, पण देणी जागची हलली नाहीत. ज्या सरकारच्या काळात हा प्रश्न अखेर मिटला, त्याला त्याचे श्रेय द्यायलाच हवे. तरीही इतक्या भक्कम मतांच्या मोबदल्यात तीन दशके थांबावे लागले असेल, तर त्या मतांमागच्या संघटनेने पक्षाशी नेमके कोणत्या अटींवर नाते ठेवले होते, हे विचारणे भाग आहे.

हा प्रश्न आता जुन्या गिरण्यांपुरता उरलेला नाही. गेल्या काही वर्षांत भारताने एकामागून एक व्यापार करार केले आहेत. संयुक्त अरब अमिरातींशी झालेला करार मे २०२२ पासून, ऑस्ट्रेलियाशी झालेला डिसेंबर २०२२ पासून, स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड व लिख्टेनश्टाइन या चार देशांच्या गटाशी झालेला ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. ब्रिटनशी झालेल्या करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या. इंदूरजवळच्या धार जिल्ह्यात १७ सप्टेंबर २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते वस्त्रोद्योगाच्या मोठ्या उद्यानाची पायाभरणी झाली, आणि तिथे तयार होणारे कपडे परदेशी बाजारात विकले जातील हेच त्या योजनेचे मुख्य आश्वासन आहे. पीथमपूरचे वाहनांचे आणि औषधांचे कारखाने आजच निर्यातीवर आणि आयात होणाऱ्या सुट्या भागांवर अवलंबून आहेत. म्हणजे माळव्यातल्या पुढच्या पिढीच्या कामगाराचे वेतन, त्याच्या पाळ्या आणि त्याची नोकरी टिकणे न टिकणे यांतले बरेचसे लंडन, जिनिव्हा किंवा दिल्लीत ठरणाऱ्या शुल्कांच्या तक्त्यांवर अवलंबून राहणार आहे. ते तक्ते ठरत असताना कामगारांच्या वतीने तिथे कोण बोलते?

एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे. इंदूरच्या कापडगिरण्या मुक्त व्यापारामुळे बुडाल्या, असे सभांमध्ये अनेकदा सांगितले जाते. ते खरे नाही. त्या बुडाल्या तेव्हा कापडाच्या आयातीला देशात जवळपास दारे बंदच होती. यंत्रमागांची स्वस्त स्पर्धा, मालकांनी नफा यंत्रसामग्रीत न गुंतवता इतरत्र वळवणे, १९८५ च्या वस्त्रोद्योग धोरणाने आजारी गिरण्या बंद करण्याला दिलेली मोकळीक आणि शहराच्या मध्यावरच्या जमिनीची वाढती किंमत, ही त्या मरणाची कारणे होती. उलट मुक्त व्यापाराने काम येतेही. ब्रिटनमध्ये भारतीय कपड्यांवर बारा टक्क्यांपर्यंत लागणारे शुल्क करारानंतर शून्यावर येणार असेल, तर धारमध्ये शिलाई यंत्रावर बसणाऱ्या मुलीला त्याचा फायदा होऊ शकतो. म्हणून मी या करारांचा सरसकट विरोधक नाही. माझे म्हणणे असे की करार चांगला की वाईट हे त्यातल्या अटींवर ठरते, अटी वाटाघाटीत ठरतात, आणि ज्याची बाजू आधीच कुणाच्या तरी खिशात आहे त्याला वाटाघाटीत कोणी मोजत नाही. जो गिऱ्हाईक दुकानात शिरतानाच ‘मी दुसरीकडे जाणार नाही’ असे सांगतो, त्याच्यासाठी दुकानदार भाव कशाला उतरवील?

उद्योगपतींच्या संघटना हे कधीच करीत नाहीत. फिक्की १९२७ पासून काम करते आहे, सीआयआयचा इतिहास त्याहूनही जुना आहे. स्वातंत्र्यापूर्वीचे ब्रिटिश सरकार, नेहरूंचे, जनता पक्षाचे, वाजपेयींचे, मनमोहनसिंगांचे आणि आजचे, अशा प्रत्येक सरकारच्या दारात या संघटना गेल्या आणि प्रत्येक सरकारने त्यांना आत घेतले. या संघटनांचे सदस्य वैयक्तिक पातळीवर कोणत्याही पक्षाला देणग्या देवोत, संघटना म्हणून त्या कुणाची शाखा नाहीत. व्यापार कराराच्या वाटाघाटी सुरू झाल्या की वाणिज्य मंत्रालय निर्यात परिषदांशी आणि उद्योगांच्या प्रतिनिधींशी चर्चा करते. कोणत्या मालावरचे शुल्क दहा वर्षांत उतरावे आणि कोणत्या मालाला वगळावे, याचे तपशील तिथून येतात.

आपल्या शहरातलेच उदाहरण घेता येईल. सोयाबीन प्रक्रिया करणाऱ्या कारखानदारांच्या देशपातळीवरील संघटनेचे मुख्यालय इंदुरात आहे. खाद्यतेलावरील आयात शुल्काचा प्रश्न आला की ही संघटना आकडेवारीसह दिल्लीत आपली बाजू मांडते. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्राने कच्च्या खाद्यतेलावर २० टक्के मूळ शुल्क लावले, आणि मे २०२५ च्या अखेरीस ते १० टक्क्यांवर आणले. या चढउताराचा परिणाम माळव्यातल्या शेतकऱ्याच्या भावावर झाला, तेल घेणाऱ्या गृहिणीच्या खर्चावर झाला आणि सोयाबीन गाळणाऱ्या कारखान्यांतल्या पाळ्यांवरही होतो. शेतकऱ्यांच्या संघटना रस्त्यावर उतरल्या. २०२४ मध्ये मध्य प्रदेशात सोयाबीनला क्विंटलमागे ४,८९२ रुपयांच्या हमीभावाऐवजी सहा हजार रुपयांची मागणी घेऊन ट्रॅक्टर निघाले. कारखानदार बोलले, शेतकरी बोलले. त्या कारखान्यांतल्या हमालांच्या आणि यंत्रचालकांच्या वतीने आयात शुल्कावर कोणी भूमिका मांडल्याचे माझ्या तरी वाचनात आले नाही.

आपल्याकडे कामगार संघटना पक्षांच्या पोटात कशा शिरल्या, याचे उत्तर इंदूरच्या इतिहासात इतर बहुतेक शहरांपेक्षा स्पष्ट दिसते. मे १९४७ मध्ये काँग्रेसच्या पुढाकाराने इंटकची स्थापना झाली. गुलजारीलाल नंदा तिच्या उभारणीत आघाडीवर होते, आणि नंदानगर ही कामगार वसाहत त्यांच्याच नावाने ओळखली जाते. इंदूरचे इंटकचे नेते व्ही. व्ही. द्रविड पुढे राज्याचे श्रममंत्री झाले. या पिढीचा प्रामाणिकपणा मी नाकारत नाही. कर्मचारी राज्य विमा, भविष्य निर्वाह निधी, बोनसचा कायदा, वसाहती आणि दवाखाने हे सारे त्या नात्यातून कामगारांना मिळाले. पण त्याच नात्याने कायद्याची चौकटही अशी घडवली की मालकाशी बोलण्याचा हक्क एकाच ‘प्रतिनिधी संघटने’ला मिळावा. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने मुंबईत आणि १९६० च्या मध्य प्रदेश औद्योगिक संबंध कायद्याने इथे हेच केले. सदस्यसंख्येच्या नोंदीवरून मान्यता ठरायची आणि ती मान्यता प्रत्यक्षात सत्ताधारी पक्षाच्या संघटनेकडे टिकून राहायची. होमी दाजींच्या लाल झेंड्यामागे हजारो कामगार चालत, पण टेबलावर बसण्याचा कायदेशीर अधिकार त्यांच्याकडे क्वचितच आला.

मुंबईत याच कायद्याचा शेवट काय झाला ते मराठी वाचकाला सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले, कारण त्यांना इंटकशी जोडलेला, मान्यताप्राप्त राष्ट्रीय मिल मजदूर संघ आपला वाटत नव्हता. आणि सरकार शेवटपर्यंत म्हणत राहिले की कायद्याने बोलणी फक्त त्याच संघाशी होऊ शकतात. संपाच्या अपयशाला इतरही कारणे होती, सामंतांच्या काही हिशेबांतही चूक होती. तरी बहुसंख्य कामगारांनी नाकारलेली संघटना केवळ पक्षाच्या आधारावर त्यांची अधिकृत वाचा राहिली, ही गोष्ट त्या संपाच्या मुळाशी होती.

या सगळ्याला पर्याय शोधणारा विचार मध्य प्रदेशातच, एका मराठी माणसाने मांडला होता. वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीचे दत्तोपंत ठेंगडी यांनी २३ जुलै १९५५ रोजी भोपाळमध्ये भारतीय मजदूर संघाची स्थापना केली. ठेंगडी राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे प्रचारक होते, पुढे जनसंघाकडून राज्यसभेतही गेले. तरी मजदूर संघ कोणत्याही पक्षाची शाखा असणार नाही, हा आग्रह त्यांनी सोडला नाही. तो आग्रह केवळ कागदावर नव्हता, हे त्यांनी सर्वांत अवघड वेळी दाखवले. वाजपेयींचे सरकार सत्तेत असताना, म्हणजे ज्यांच्याबरोबर त्यांनी आयुष्य काढले तीच माणसे मंत्रिपदी असताना, जागतिक व्यापार संघटनेच्या अटी आणि सरकारचे आर्थिक धोरण यांवर त्यांनी उघड आणि कठोर टीका केली. एप्रिल २००१ मध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानावर मजदूर संघाच्या कामगारांचा प्रचंड मेळावा भरला तो आपल्याच विचारांच्या सरकारविरुद्ध. ठेंगडींच्या विचारसरणीशी माझे अनेक मतभेद आहेत. पण कामगार नेत्याने सत्तेतल्या आप्तांशी कसे वागावे, याचे त्याहून चांगले उदाहरण स्वातंत्र्योत्तर काळात मला सापडत नाही.

त्या उदाहरणाचा वारसा पुढे टिकला का, हे तपासून पाहावे लागते. सप्टेंबर २०१० च्या देशव्यापी संपात इंटक आपल्याच मनमोहनसिंग सरकारविरुद्ध उतरली. फेब्रुवारी २०१२ आणि पुन्हा फेब्रुवारी २०१३ मध्ये इंटक, डाव्या पक्षांशी जोडलेल्या आयटक व सीटू, हिंद मजदूर सभा आणि भारतीय मजदूर संघ या सगळ्या केंद्रीय संघटना एकाच मागणीपत्रावर एकत्र आल्या. त्या काळातली ही एकजूट फार कमी लोकांना आठवते, आणि याचे मला दुःख होते. कारण २०१४ मध्ये सरकार बदलले आणि चित्र फिरले. २ सप्टेंबर २०१५ च्या संपातून मजदूर संघ ऐनवेळी बाहेर पडला. ९ जुलै २०२५ च्या संपात दहा केंद्रीय संघटना होत्या, मजदूर संघ नव्हता. इंटकला आता सरकारविरुद्ध बोलणे सोपे आहे, कारण सरकार काँग्रेसचे नाही. बंगालमध्ये डाव्या आघाडीच्या चौतीस वर्षांत सीटूलाही आपल्या सरकारच्या औद्योगिक धोरणाशी भांडणे जड गेले होते; केरळातल्या डाव्या आघाडीने मात्र २ ऑक्टोबर २००९ रोजी आग्नेय आशियाई देशांशी केलेल्या व्यापार कराराविरुद्ध मानवी साखळी उभारली, तेव्हा करार करणारे सरकार दिल्लीत काँग्रेसचे होते. एकाही रंगाचा झेंडा या दोषातून सुटलेला नाही.

याचा थेट परिणाम व्यापार करारांवर होतो. भारतात आंतरराष्ट्रीय करार करण्याचा अधिकार कार्यकारी सरकारकडे आहे. कराराला संसदेची मंजुरी घेणे बंधनकारक नाही. संविधानाच्या २५३ व्या अनुच्छेदानुसार करार अमलात आणण्यासाठी संसद कायदा करू शकते, पण शुल्क कमी करायला बहुधा सरकारी अधिसूचना पुरते. म्हणजे करारावर लोकांनी बोलण्याची संसदीय जागा जवळजवळ नाही. दुसरी जागा भारतीय श्रम परिषदेची होती. सरकार, मालक आणि कामगार यांना एकत्र बसवणारी ही त्रिपक्षीय परिषद १९४० च्या दशकापासून भरत आली होती. तिचे सेहेचाळिसावे अधिवेशन जुलै २०१५ मध्ये झाले आणि त्यानंतर ती भरलेलीच नाही. एवढी मोठी संस्था दहा वर्षे गप्प राहिली, तरी तिच्यासाठी सगळ्या संघटना एका व्यासपीठावर येऊन अडून बसल्या नाहीत. प्रत्येकीने आपापले निवेदन दिले. उद्योगांच्या संघटनांची अशी एखादी बैठक दहा वर्षे रखडली असती, तर काय झाले असते याची कल्पना करावी.

पक्षनिष्ठा सोडल्याशिवाय करारात काही मिळत नाही, याची साक्ष उत्तर अमेरिकेतल्या अनुभवातून मिळते. अमेरिकेने मेक्सिको व कॅनडाशी केलेला नाफ्टा हा व्यापार करार १९९३ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अध्यक्षाने, म्हणजे बिल क्लिंटन यांनी, संसदेतून पार पाडला. कनिष्ठ सभागृहात २३४ विरुद्ध २०० मतांनी तो मंजूर झाला, त्यात क्लिंटन यांच्याच पक्षाचे १०२ सदस्य बाजूने आणि १५६ विरोधात होते. अमेरिकी कामगार महासंघाने कराराला कडाडून विरोध केला होता. तरी १९९६ च्या निवडणुकीत महासंघ पुन्हा क्लिंटन यांच्यामागे उभा राहिला, कारण दुसरा पक्ष त्याहून वाईट वाटत होता. नाफ्टाला जोडलेला श्रमविषयक उपकरार दुबळा निघाला आणि पुढच्या दोन दशकांत कारखान्यांच्या गावांतली कामगारमते हळूहळू त्या पक्षापासून दूर गेली. २०२४ मध्ये ट्रकचालकांच्या मोठ्या संघटनेने अध्यक्षपदासाठी कोणालाच पाठिंबा दिला नाही, यावर तिथे केवढा गहजब झाला!

मेक्सिकोची बाजू आपल्या दृष्टीने अधिक बोलकी आहे. तिथला सर्वांत मोठा कामगार महासंघ, सीटीएम, दशकानुदशके सत्ता गाजवणाऱ्या पीआरआय पक्षाचा अधिकृत घटक होता. फिदेल वेलास्केस हे नेते १९९७ मध्ये मरेपर्यंत त्याच्या शिखरावर होते आणि नाफ्टाला त्यांनी पाठिंबा दिला. पक्षाच्या छायेतल्या या संघटना मालकाशी असे करार करीत की कामगारांना अनेकदा त्यांची माहितीही नसे. वेतन तळाशी राही आणि संप होत नसे. नाफ्टाच्या जागी जुलै २०२० मध्ये आलेल्या नव्या करारात, अमेरिकी महासंघाने पाठिंबा अडवून धरल्यामुळे, एक तरतूद आली: एखाद्या विशिष्ट कारखान्यात संघटना निवडण्याचा हक्क डावलला गेला, तर त्या कारखान्याच्या मालाला मिळणारी शुल्कसवलत रोखता येते. सिलाओ येथील जनरल मोटर्सच्या कारखान्यात २०२१ मध्ये ही तरतूद वापरली गेली. पुन्हा मतदान झाले, कामगारांनी सीटीएमचा करार फेटाळला, फेब्रुवारी २०२२ मध्ये स्वतंत्र संघटना निवडून आणली आणि काही महिन्यांतच साडेआठ टक्के वेतनवाढ मिळवली. व्यापार कराराने कामगाराला काही देता येते, हे इथे दिसते. पण ते दिले गेले कारण एका बाजूने महासंघाने अटीशिवाय होकार दिला नाही, आणि दुसऱ्या बाजूने कामगारांना पक्षाच्या संघटनेला गुप्त मतदानाने नाकारता आले.

भारतीय वाचक इथे योग्य आक्षेप घेईल. ही तरतूद बलाढ्य शेजाऱ्याने दुबळ्या देशावर लादलेली आहे, आणि श्रममानकांच्या नावाखाली श्रीमंत देश आपला माल अडवतील, ही भीती निराधार नाही. १९९६ मध्ये सिंगापूरच्या व्यापार परिषदेत भारताने श्रममानके व्यापाराला जोडण्यास विरोध केला, तेव्हा भारतातल्या बहुतेक कामगार संघटना सरकारच्या बाजूने होत्या. तो निर्णय त्या वेळी समजण्यासारखा होता. पण त्यानंतर आपण फार पुढे आलो आहोत. युरोपातल्या त्या चार देशांशी झालेल्या करारात शाश्वत विकासाचे प्रकरण आहे, ब्रिटनशी झालेल्या करारात श्रमाचे स्वतंत्र प्रकरण आहे, आणि या प्रकरणांतले वाद करारातल्या लवादाकडे नेता येत नाहीत, म्हणजे तिथे शब्द आहेत, अंमल नाही. सरकारने तत्त्व स्वीकारले आणि दात काढून घेतले. अशा वेळी आपल्या संघटनांनी परदेशी सरकारकडे कशाला पाहावे? संघटनेच्या स्वातंत्र्याविषयीचे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे ठराव भारताने अजून स्वीकारलेले नाहीत. ते आपल्याच सरकारकडून स्वीकारून घेण्याची मागणी झाली, तर परकीय दबावाचा प्रश्नच उरत नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो मला जुन्या कार्यकर्त्यांकडून वारंवार ऐकावा लागतो. पक्षाशिवाय संघटना अनाथ होते, असे ते म्हणतात; कायदे पक्ष करतात, पोलीस पक्षाच्या सरकारचे असतात, अटक झालेल्या कामगाराला सोडवायला आमदाराचाच फोन लागतो. हे सगळे खरे आहे. पीथमपूरच्या कंत्राटी कामगाराला ठेकेदाराने दोन महिन्यांचा पगार बुडवला, तर त्याला व्यापारनीतीवरचे व्याख्यान नको असते, त्याला ओळखीचा माणूस हवा असतो. म्हणून संघटनेने राजकारण सोडावे असे मी म्हणत नाही. तिने राजकारण अधिक करावे, फक्त पाठिंबा आधी देऊन मागण्या नंतर मांडू नयेत. २०१९ मध्ये प्रादेशिक सर्वंकष आर्थिक भागीदारी या आशिया-प्रशांत देशांच्या व्यापार कराराच्या वाटाघाटी शेवटच्या टप्प्यात असताना स्वदेशी जागरण मंच सत्ताधारी परिवारात राहूनच ऑक्टोबरमध्ये देशभर रस्त्यावर आला, दूधउत्पादकांच्या सहकारी संस्था बोलल्या, शेतकरी संघटना बोलल्या. आणि ४ नोव्हेंबरला भारताने बँकॉकमध्ये त्या कराराबाहेर राहण्याचा निर्णय जाहीर केला. तो निर्णय आर्थिकदृष्ट्या बरोबर होता का, यावर वाद होऊ शकतो. पण जवळच्यांनी नकार दिल्यास सरकार ऐकते, हे त्यातून सिद्ध झाले. ठेंगडींनीच १९९१ मध्ये स्थापन केलेल्या मंचाला जे जमले, ते त्यांच्याच मजदूर संघाला किंवा विरोधी बाजूच्या महासंघांना का जमू नये?

यातून काही ठोस गोष्टी निघतात. संघटनेचा पदाधिकारी आणि पक्षाचा पदाधिकारी एकच माणूस असू नये, असा नियम प्रत्येक संघटनेने आपल्या घटनेत घालावा. निवडणुकीत कोणाला पाठिंबा द्यायचा, हे सदस्यांच्या गुप्त मतदानाने ठरावे. हे अशक्य वाटत असेल त्यांनी रेल्वेकडे पाहावे: २००७, २०१३ आणि डिसेंबर २०२४ मध्ये रेल्वे कर्मचाऱ्यांनी गुप्त मतदानाने आपल्या मान्यताप्राप्त संघटना निवडल्या, इंदूर ज्या रतलाम विभागात येते तिथेही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा असलेल्या एका संघटनेला वाटाघाटीचा एकमेव हक्क दिला आहे. हे टक्के नोंदवह्यांवरून मोजले गेले, तर मध्य प्रदेशाच्या १९६० च्या कायद्याचीच पुनरावृत्ती होईल. गुप्त मतदानाने मोजले, तर कोणत्याही झेंड्याला कामगारासमोर हात जोडून उभे राहावे लागेल. या एका मुद्द्यावर सगळ्या संघटनांनी एकत्र यावे. गुप्त मतदान झाले तर आपण हरू असे ज्या संघटनेला वाटते, तिला आपण कोणाच्या बळावर उभे आहोत हे आधीच माहीत असते.

करारांच्या बाबतीत पहिली मागणी अशी असावी की सही होण्यापूर्वी मसुद्याचा श्रमविषयक भाग आणि शुल्कांचा तक्ता वाणिज्यविषयक संसदीय स्थायी समितीपुढे आणि भारतीय श्रम परिषदेपुढे ठेवला जावा. दुसरी मागणी पैशांची. शुल्क उतरल्यामुळे ज्याची नोकरी जाईल त्याच्यासाठी निधी हवा, आणि तो नफा मिळवणाऱ्या निर्यातदारांच्या वाट्यातून यावा. आपल्याकडे याचा एक नमुना आहे. १९८६ च्या वस्त्रोद्योग कामगार पुनर्वसन निधी योजनेत बंद गिरणीच्या कामगाराला पहिल्या वर्षी वेतनाच्या ७५ टक्के, दुसऱ्या वर्षी ५० आणि तिसऱ्या वर्षी २५ टक्के साहाय्य देण्याची तरतूद होती. अटींमुळे तिचा लाभ अपुरा राहिला, तरी नोकरी गेलेल्या माणसाचा पहिला महिना कसा निघतो याचा विचार त्यात होता. अमेरिकेने असाच कार्यक्रम १९६२ पासून साठ वर्षे चालवला आणि २०२२ मध्ये तो संपू दिला. त्याचा राजकीय परिणाम तिथे आपण पाहतोच आहोत.

इंदूरच्या मराठी समाजाचा या प्रश्नाशी जवळचा संबंध आहे. आपल्या घरांतून मिलमध्ये कारकून आणि हिशेबनीस गेले, तसे साचेखात्यात उभे राहणारेही गेले. गिरण्या बंद पडल्या तरी त्यांच्या नावाच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, अनंत चतुर्दशीला शंभर वर्षांनंतरही निघतात, आणि त्यांची वर्गणी, बांधणी व रात्रभराचा राबता पाहिला की या शहरातल्या कामगाराला संघटना शिकवावी लागत नाही हे कळते. तरी याच घरांत पक्ष बहुधा वडिलांकडून मुलाकडे न विचारता येतो, आणि त्याविरुद्ध बोलणे म्हणजे घरातल्या माणसाविरुद्ध बोलणे, असे मानले जाते. भाजपच्या सुमित्रा महाजन यांना या शहराने लोकसभेवर १९८९ पासून २०१९ पर्यंत आठ वेळा निवडून दिले, त्यात आपल्या समाजाचा आपलेपणा मोठा होता आणि तो स्वाभाविकही होता. पण आपलेपणाच्या नात्यात आपण प्रश्न विचारले का? त्या तीस वर्षांपैकी सत्तावीसहून अधिक वर्षे हुकुमचंद मिल बंद होती.

धारच्या वस्त्रोद्यानात पहिली भरती सुरू होईल तेव्हा कामगारांना विचारण्याजोगे प्रश्न आजच ठरवता येतात. काम कायम असेल की ठेकेदाराकडून, ब्रिटनमध्ये वाचलेल्या शुल्काचा किती भाग वेतनात येईल, आणि बाजार आटला तर थकलेले पैसे किती दिवसांत मिळतील? कारखान्याला टाळे लावण्यापूर्वी सरकारी परवानगी घेण्याची अट आता १०० ऐवजी ३०० किंवा त्याहून जास्त कामगारांच्या कारखान्यांनाच लागू आहे, म्हणून तिथले अनेक छोटे कारखाने उद्या परवानगीविना बंद होऊ शकतील. मध्य प्रदेश विधानसभेची पुढची निवडणूक २०२८ मध्ये आहे. या प्रश्नांची लेखी उत्तरे सगळ्या पक्षांच्या उमेदवारांकडून मागावीत, ती पीथमपूर आणि धारच्या फाटकांवर लावावीत, आणि त्यानंतरच सदस्यांचे मतदान घेऊन पाठिंबा जाहीर करावा, यासाठी लागणारा वेळ संघटनांच्या हाती अजून आहे.